कूरस: स्कॉटलंडमधल्या एका खाडीकाठच्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिनबरात राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला किल्ला दाखवून झाला की दुसऱ्या दिवशी कूरसला नेण्याची पद्धत पडली आहे. परतताना गाडीत प्रश्न ठरलेले. दरवेळी तीच टेप लावण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलेलं बरं, म्हणून हे पान.

नाव नक्की काय? पाटीवर तर कलरॉस लिहिलंय.

पाटीवर सी-यू-एल-आर-ओ-एस-एस आहे आणि त्यातला एल पूर्ण गिळायचा: कूरस. ‘कू’ जरा लांब, ‘रस’ हलका. कलरॉस म्हणालात तरी कोणी रागावत नाही, फक्त तुम्ही बाहेरचे आहात हे कळतं. गेलिक भाषेत याचा अर्थ हॉलीच्या झाडांचं टोक किंवा भूशिर असा लावतात. हॉली म्हणजे ते काटेरी पानांचं, लाल फळांचं नाताळातलं झाड.

कुठे आहे हे?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फोर्थ नदीची मोठी खाडी आत घुसते. तिच्या उत्तर काठावर फाइफ परगणा, आणि फाइफच्या पार पश्चिमेला कूरस. एडिनबरापासून रस्त्याने चाळीसेक किलोमीटर, डनफर्मलिनपासून दहा-बारा. खाडीच्या पलीकडे बोनेस आणि ग्रेंजमथ दिसतात.

गाव दक्षिणेकडे तोंड करून टेकडीच्या उतारावर बसलंय. खाली रस्ता आणि खाडी, वर मठाचं चर्च, मधे चढत्या गल्ल्या. आपल्याकडे कोकणात खाडीकाठची गावं असतात तशीच रचना, फक्त माडांच्या जागी इथे चिखल, शेवाळ आणि कर्ल्यूसारखे लांब चोचीचे पक्षी. पूर्वेला टॉरी बे नावाचा उथळ भाग पक्ष्यांसाठी राखीव आहे.

खरी गंमत पायाखाली. इथले कोळशाचे थर जमिनीखाली संपत नाहीत, ते तसेच कलत खाडीच्या तळाखाली जातात. गावाचं जे काही बरंवाईट झालं ते या कललेल्या थरांमुळे.

एक तिढा कागदपत्रं चाळणाऱ्यांसाठी: १८९१ पर्यंत कूरस फाइफमध्ये नव्हतंच. ते पर्थशर परगण्याचा तुटक तुकडा होतं. मूळ परगणा उत्तरेला आणि हा तुकडा खाली खाडीकाठी एकटा. त्यामुळे जुन्या नोंदी फाइफमध्ये शोधणारा माणूस हात हलवत परत येतो.

गाव आहे की शहर?

वस्ती चारेकशे माणसांची, म्हणजे गावच. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा सहाव्या जेम्सने याला ‘रॉयल बर्ग’ केलं, म्हणजे परदेशाशी व्यापार करायचा हक्क असलेलं राजमान्य नगर. म्हणून एवढ्याशा वस्तीत टाउन हाउस, म्हणजे नगरसभेची इमारत, आहे, बाजारचौकात ‘मर्कॅट क्रॉस’ हा दगडी खांब आहे. घरातला धाकटा मुलगा मोठ्या भावाचा कोट घालून बसावा तसं दिसतं.

गाव किती जुनं?

आधी आख्यायिका. सहाव्या शतकात टेन्यू नावाच्या एका राजकन्येला लग्नाआधी दिवस गेले. बापाने तिला डोंगरावरून ढकललं, ती वाचली. मग वल्हं नसलेल्या छोट्या होडीत बसवून समुद्रात सोडलं. होडी वाहत वाहत कूरसच्या किनाऱ्याला लागली, तिथे तिला मुलगा झाला आणि संत सर्फने त्याला वाढवला. तो मुलगा म्हणजे संत मंगो, ज्याला ग्लासगो आपला संस्थापक मानतं. इथवर आलं की आमच्या गाडीतलं कोणीतरी हमखास ‘अगदी कर्णासारखं’ म्हणतंच. फरक इतका की इथे आईही होडीत आहे. ग्लासगोच्या आर्चबिशप ब्लॅकेडरने त्या जागी १५०३ मध्ये एक चॅपल बांधलं. गावाच्या पूर्वेला, रस्त्याकडेला त्याचे पडके दगड आहेत. गाडीतून बघाल तर चुकेल.

कागदावरचा इतिहास १२१७ पासून मोजता येतो. फाइफचा अर्ल, म्हणजे सरदार, माल्कम याने टेकडीवर सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ स्थापन केला. हे साधू कष्टाळू, कोळसा काढायचीही सुरुवात त्यांच्या काळातली. मठ मोडला, पण त्याच्या चर्चचा एक भाग आजही गावाचं चर्च आहे.

समुद्राखालची खाण ती हीच का?

हीच. या पानावरचं सगळ्यात लांब उत्तर हे आहे, इलाज नाही.

१५७५ मध्ये जॉर्ज ब्रूस नावाच्या माणसाने मठाच्या जुन्या खाणी भाडेपट्ट्याने घेतल्या. वरवरचा कोळसा संपत आलेला, खोल जावं तर पाणी भरायचं. हा प्रश्न आपल्या विहीर खणणाऱ्यालाही कळेल, फक्त इथे विहीर खाडीच्या तळाखाली खणायची होती.

ब्रूसने काय केलं, तर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर दगडांचं एक गोल कडं बांधलं, भरतीच्या पाण्याच्या वर डोकं राहील इतकं उंच. दगडांच्या सांधी पाणी शिरू नये अशा चिकट मसाल्याने भरल्या. मग त्या कड्याच्या आत खाली खणत गेले: वाळू, खडक, कोळसा. म्हणजे भर खाडीत एक कृत्रिम बेट आणि बेटाच्या पोटात खाणीचं तोंड. दुसरं तोंड जमिनीवर. एका वाटेने आत जायचं, समुद्राच्या खालून चालत दुसऱ्या वाटेने बेटावर निघायचं. भरतीला जहाज थेट बेटाला लागायचं आणि कोळसा तिथूनच भरला जायचा, किनाऱ्यापर्यंत ओढत न्यायची भानगडच नाही.

या बेटाला नाव पडलं ‘मोट पिट’. इंग्रजीत मोट म्हणजे खंदक. आपल्या विहिरीवरच्या मोटेशी त्याचा काही संबंध नाही. पण योगायोग बघा, खाणीतलं पाणी उपसायला तिथे होतं ते चक्क रहाटगाडगं. १६१८ मध्ये लंडनचा नावाडी-कवी जॉन टेलर पायी फिरत इथे आला आणि खाणीत उतरला. त्याने लिहून ठेवलंय: तीन घोडे, लांबलचक लोखंडी साखळी, साखळीला ३६ बादल्या, १८ रिकाम्या खाली जाताहेत आणि १८ भरलेल्या वर येताहेत. माझ्या सासऱ्यांनी हे ऐकून एकच प्रश्न विचारला, ‘बैल नाही?’ नाही, घोडे. टेलरच्या मते खाण समुद्राखाली मैलभराहून लांब गेली होती. अतिशयोक्तीला तो बिचकणारा माणूस नव्हे, तरी तो आत जाऊन आला होता हे खरं.

राजा घाबरला ती गोष्ट काय आहे?

१६१७ मध्ये राजा जेम्स खाण बघायला आला. तोवर तो इंग्लंडचाही राजा झालेला. जमिनीवरून आत शिरला, भुयारातून चालत गेला आणि वर आला तर चारी बाजूंना पाणी. याच जेम्सला संसदेसकट उडवून द्यायचा दारूगोळ्याचा कट बाराच वर्षांपूर्वी उघडकीला आला होता, तेव्हा तळघरं आणि भुयारं म्हटलं की त्याला काय वाटत असेल ते समजू शकतं. तो ‘दगा! दगा!’ ओरडला म्हणतात. ब्रूसने शांतपणे बाजूला बांधलेली नाव दाखवली: महाराज, आल्या वाटेने परत जा किंवा हिच्यातून किनाऱ्याला चला. गावातला प्रत्येक गाइड हा प्रसंग हातवारे करून सांगतो. तिखटमीठ किती आणि खरं किती हे तुम्हीच ठरवा, भेट मात्र खरी झाली होती.

१६२५ मध्ये मोठं वादळ आलं, कडं फुटलं आणि खाणीत समुद्र शिरला. त्याच वर्षी राजा जेम्स गेला आणि त्याच वर्षी जॉर्ज ब्रूसही.

खाणीत काम कोण करायचं?

हा प्रश्न दहातला एखादाच विचारतो. गावातले कुटुंबकबिले, बायकामुलांसकट. स्कॉटलंडच्या संसदेने १६०६ मध्ये कायदा केला की कोळसा काढणारे आणि मिठागरांतले कामगार मालकाची परवानगी असल्याशिवाय दुसरीकडे काम धरू शकत नाहीत. पळून गेले तर चोर ठरायचे: स्वतःलाच चोरल्याबद्दल. सरळ मराठीत वेठबिगारी. ती मोडायला १७७५ चा एक आणि १७९९ चा दुसरा असे दोन कायदे लागले. ब्रूसच्या पिवळ्याधमक घराचा फोटो काढताना हे आठवलं तर बरं.

मीठ कसं काढायचे? इथे ऊन कुठाय?

बरोबर पकडलंत. वसई-भाईंदरकडे किंवा उरणला मिठागरात पाणी साठवलं की उरलेलं काम सूर्य करतो. इथे सूर्याच्या भरवशावर कोणी बसलं तर अळणीच जेवावं लागेल. म्हणून लोखंडाच्या मोठमोठ्या, खोलीएवढ्या पसरट कढया, त्यात खाडीचं पाणी, आणि खाली विकायला निरुपयोगी असलेल्या कोळशाच्या चुऱ्याचा जाळ. पाणी आटवत राहायचं, मळी काढत राहायचं, तळाशी मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मीठ असतं साधारण ३५ ग्रॅम, खाडीत त्याहून कमी. किती कोळसा जळत असेल याचा हिशोब करा. टेलरने आठवड्याला ९० ते १०० टन मीठ निघतं असं लिहिलंय.

कोळसा आणि मीठ ही दोन चाकं. १८२५ मध्ये मिठावरचा कर उठला, इंग्लंडचं स्वस्त खाणीतलं मीठ आलं आणि फोर्थकाठच्या कढया थंड झाल्या.

आणि तव्याचं काय? तुम्ही येताना काहीतरी म्हणाला होतात.

हो, माझा सगळ्यात आवडता भाग. कूरस तव्यांसाठी प्रसिद्ध होतं.

स्कॉटिश भाषेत त्याला ‘गर्डल’ म्हणतात. लोखंडाची गोल, सपाट थाळी, वर अर्धगोल कडी, चुलीवरच्या आकड्याला टांगायची. त्यावर ओटच्या पिठाच्या जाडसर भाकऱ्या भाजायच्या, ओटकेक म्हणतात त्यांना, आणि स्कोन. मागच्या वर्षी मावशीला ब्रूसच्या त्या पिवळ्या घराच्या, म्हणजे ‘पॅलेस’च्या, स्वयंपाकघरात गर्डल दाखवला. तिने पाठीमागे हात बांधून तो दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि निकाल दिला, ‘तवाच आहे. पण भाकरी फुगायला निखाऱ्यावर कुठे टाकतात?’ ओटची भाकरी फुगत नाही हे सांगितल्यावर तिचा रस संपला.

पण तव्यामागचं राजकारण ऐका. १५९९ मध्ये राजा जेम्सने कूरसच्या लोहारांना गर्डल बनवायचा खास हक्क दिला. १६६६ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तो पुन्हा पक्का केला. दुसऱ्या गावच्या लोहाराने तवा ठोकला की कूरसवाले कोर्टात. अखेर १७२७ मध्ये एडिनबराच्या वरिष्ठ न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली. त्यानंतर १७५९ मध्ये फॉलकर्कजवळ कॅरनचा ओतीव लोखंडाचा कारखाना निघाला. साच्यातून भराभर तवे पडू लागल्यावर ठोकून केलेला तवा महाग पडणारच. घणाचा आवाज हळूहळू थांबला.

पिवळा राजवाडा कोणत्या राजाचा?

कुठल्याच नाही. ‘पॅलेस’ हे नाव नंतर चिकटलं. हे जॉर्ज ब्रूसचं घर, आपल्या भाषेत सावकाराचा वाडा. एका भागावर १५९७ आणि जी.बी. अशी अक्षरं कोरली आहेत, दुसऱ्यावर १६११ आणि एस.जी.बी. मधल्या काळात तो ‘सर’ झाला होता आणि ते दगडात नोंदवायला विसरला नाही.

कोळसा आणि मीठ घेऊन जहाजं हॉलंडकडे आणि बाल्टिककडे जायची, झीलंडमधलं वीरे हे स्कॉटिश मालाचं ठरलेलं बंदर. परतताना जहाज हलकं नको म्हणून तळाला वजन लागे, तेव्हा तिकडची लाल नागमोडी कौलं भरून आणत. वाड्यातल्या पाइनच्या फळ्याही बाहेरून आलेल्या. आत मान वर करून बघा: लाकडी छतावर रंगवलेली चित्रं आणि लॅटिन सुभाषितं. मागे गच्चीसारखी चढत गेलेली बाग आहे, तिथे भाज्या, औषधी झाडं आणि स्कॉट्स डम्पी जातीच्या आखूड पायांच्या कोंबड्या. मुलांना वाड्यापेक्षा कोंबड्या आवडतात, आणि मुलांचं चुकत नाही.

ब्रूसची कबर वर चर्चमध्ये. नवराबायको संगमरवरासारख्या अलाबास्टर दगडात आडवे पहुडलेले आणि पुढ्यात त्यांची आठ मुलं ओळीने गुडघे टेकून. त्याच्या पुतण्याचा, एडवर्डचा, १६१३ मध्ये द्वंद्वात मृत्यू झाला तो हॉलंडकडे. फक्त त्याचं हृदय चांदीच्या डबीत घालून इथे आणून पुरलं.

गल्लीत मधले दगड उंच का?

त्याला ‘क्राउन ऑफ द कॉझी’ म्हणतात, रस्त्याचा माथा. मधली फरसबंदी जरा उंच आणि कोरडी. तिच्यावरून प्रतिष्ठितांनी चालायचं, बाकीच्यांनी कडेच्या उतारावरून, जिथे सांडपाणी वाहायचं. उच्चनीच पायाखाली कसं बांधून काढतात याचा इतका स्वच्छ नमुना मी दुसरीकडे पाहिला नाही. आपल्याला अचंबा वाटायचं मात्र कारण नाही. जाताना चपला नकोत, रबरी तळाचे बूट घाला. ओल्या गोट्यांवरून प्रतिष्ठितही घसरतात.

इथे चेटकिणींना कोंडायचे हे खरं?

दुर्दैवाने हो. १५६३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जादूटोण्याला मृत्युदंड होता आणि फाइफमध्ये हे वेड जोरात होतं. कूरसचं टाउन हाउस १६२६ चं. आरोपी बायकांना त्याच्या माळ्यावर कोंडून ठेवत. झोपू न देणं हा चौकशीचा भाग.

शेजारच्या टॉरीबर्न गावातल्या लिलियस एडीची हकीकत मनातून जात नाही. १७०४ मध्ये ती कोठडीतच मेली. ती परत उठून येईल या भीतीने लोकांनी तिला भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात पुरलं आणि वर भलामोठा दगड ठेवला. दगड अजून तिथे आहे.

गाव इतकं जुनं दिसतं, हे टिकलं कसं?

गरिबीमुळे. खाण बुडाली, तवे गेले, मीठ गेलं, बंदर गाळाने भरलं. ज्या गावात पैसा येतो तिथे जुनं पाडून नवं बांधतात. कूरसमध्ये पाडायलाही कोणाकडे पैसे नव्हते. घरं उभीच राहिली, पण पडायला आलेली.

१९३१ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही संस्था निघाली आणि दुसऱ्याच वर्षी तिने हा वाडा ७०० पौंडांना विकत घेतला. पुढे आसपासची लहान घरंही घेतली. १९६० पासून एक नामी योजना राबवली: पडकं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, बाहेरचं रूप बदलायचं नाही या अटीवर विकायचं, आणि आलेल्या पैशात पुढचं घर धरायचं. म्हणून पायऱ्यापायऱ्यांच्या कपाळपट्ट्या असलेल्या त्या घरांमध्ये आज खरीखुरी माणसं राहतात. खिडकीत नाक लावून आत बघू नका, समोर कोणीतरी चहा पीत बसलेलं असतं. टीव्ही मालिकांची चित्रीकरणंही होतात. त्या दिवसांत डिश अँटेना झाकतात आणि गाव अठराव्या शतकात जातं.

चौकातला पुतळा कोणाचा?

टॉमस कॉक्रन, ब्रिटिश नौदलाचा धाडसी कप्तान, बालपण इथलं. इंग्लंडशी बिनसल्यावर त्याने चिली, पेरू आणि ब्राझीलच्या स्वातंत्र्यासाठी आरमारं चालवली. बाप आर्चिबाल्ड डन्डोनल्डचा अर्ल; कोळशापासून डांबर काढायचं पेटंट त्याने १७८१ मध्ये घेतलं आणि त्या नादात घर धुऊन बसला.

कोळसा मग कायमचा संपला?

छे. गावाच्या पूर्वेला व्हॅलीफील्डची खाण विसाव्या शतकात निघाली. तिथे २८ ऑक्टोबर १९३९ ला स्फोट होऊन ३५ माणसं गेली. १९६४ मध्ये तिचं भुयार खाडीखालून पलीकडच्या किनील खाणीला जोडलं, म्हणजे ब्रूसने जिथे सुरुवात केली ते काम साडेतीनशेहून अधिक वर्षांनी आरपार झालं. पश्चिमेला लॉंगॅनेटचं औष्णिक वीजकेंद्र. १८३ मीटरची चिमणी कूरसच्या प्रत्येक फोटोत घुसायची. स्कॉटलंडमधली कोळशावरची शेवटची वीज इथली, २०१६ मध्ये बंद. डिसेंबर २०२१ मध्ये चिमणी सुरुंग लावून पाडली. काही सेकंदांचं काम.

जायचं कसं, कधी?

स्टेशन होतं, १९३० पासून प्रवासी गाडी नाही. डनफर्मलिनहून बस मिळते. चालणाऱ्यांसाठी किंकार्डिनहून फाइफची किनारवाट गावातून जाते, आणि सेंट अँड्रूजला जाणारी १०३ किलोमीटरची यात्रावाट इथूनही सुरू करता येते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, डिसेंबरात पावणेचारला अंधार. वाडा हिवाळ्यात बंद असू शकतो, आधी बघून निघा. हार म्हणजे समुद्रावरून येणारं दाट धुकं. ते आलं तर खाडी विसरा, गल्ल्या फिरा.

ते खाणीचं बेट आज दिसतं का?

पूर्ण ओहोटी असेल तर. रस्त्यापलीकडे, रूळ ओलांडून काठावर उभं राहायचं आणि चिखलात काळपट दगडांचा एक विस्कटलेला ढीग शोधायचा. तेवढंच. जवळ जायचा मोह होतो, जाऊ नका. चिखल घोट्यापर्यंत वाटतो आणि गुडघ्यापर्यंत निघतो, आणि पाणी मागून येतं. गेल्या खेपेला आम्ही भरतीच्या वेळापत्रकात तासाचा घोळ केला. पोचलो तेव्हा ढिगाचं फक्त टोक वर होतं, त्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. थर्मासमधला चहा ओतेपर्यंत तोही उडाला.